काळी, पांढरी आणि जठारपेठ

अकोल्याच्या जन्माची गोष्ट ससा आणि कुत्र्यापासून सुरू होते. कुणी एक अकोलसिंह मोर्णा नदीच्या काठाने चालला होता. पुढे कुत्रा जिवाच्या आकांताने पळतोय आणि मागे ससा लागलाय, असं त्याला दिसलं. जिथल्या सशात एवढी धमक, तिथली माती राहायला चांगली, असं त्याने ठरवलं आणि वस्तीभोवती मातीची भिंत घातली. हीच गोष्ट विजयनगराबद्दल सांगतात आणि अहमदाबादबद्दलही. ससा सगळीकडे तोच, नदी तेवढी बदलते. एकीकडे तुंगभद्रा, दुसरीकडे साबरमती, इकडे मोर्णा. सशाचं खरं-खोटं कुणी करत बसत नाही, पण नदीकडे मात्र नीट पाहायला हवं. अकोलसिंहाला शकून पाहायला मिळाला, कारण पाण्याच्या वाटेने तो तिथवर आला होता.

वऱ्हाडात गावाची पारख करायची रीत शकुनापेक्षा पक्की होती. इथली भाषा जमिनीचे दोन भाग करते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. काळ्या मातीत कपाशी उत्तम येते, पण तीच माती उन्हाळ्यात हातहात भेगा टाकते आणि पावसात फुगते. तिच्यावर उभी केलेली भिंत दोन-चार पावसाळ्यांत तडकते. म्हणून घरं पांढरीवर, थोड्या उंचवट्यावर, विहिरीला गोडं पाणी लागेल अशा जागी. भिंती जाड मातीच्या आणि वर धाबं. गावच्या पाटलाला काळी-पांढरीचा धनी म्हणत, ते याच अर्थाने. ज्या गावाला काळी भरपूर पण पांढरी निकृष्ट, तिथे पीक घ्यावं आणि मुक्काम दुसरीकडे करावा, एवढी समज नांगर धरणाऱ्या प्रत्येकाला होती.

दुसरी पारख सोयरिकीची. अकोल्याच्या उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. अकोला, बुलढाणा आणि अमरावती या तीन जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते पिता येत नाही, आणि पिकाला दिलं तर जमीनच चोपण होते. अशा गावात लेक द्यायला आईबाप कचरतात. जमीन किती एकर हे विचारण्याआधी मुलीची आई पाणी कुठून आणता हे विचारते. पोरीच्या डोक्यावर जन्मभराचा हंडा द्यायचा की नाही, हे त्या उत्तरावर ठरतं. नगररचनेच्या पुस्तकांत या कसोटीचा उल्लेख सापडणार नाही. वऱ्हाडात मात्र तिच्याइतकी सचोटीची कसोटी दुसरी नाही, कारण ती वापरणाऱ्याचं काळीज तिच्यात अडकलेलं असतं.

चाणक्याच्या नावावर चालत आलेल्या नीतिवचनांतही राहण्याच्या जागेचा हिशेब आहे. धनिक, विद्वान, राजा, नदी आणि वैद्य हे पाच जिथे नाहीत तिथे एक दिवसही राहू नये, असा त्याचा आशय. आज लंडनहून निघणारी जगातल्या शहरांची प्रसिद्ध यादीही पाचच निकषांवर बेतलेली असते. स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सोयी. व्हिएन्ना २०२२, २०२३ आणि २०२४ अशी तीन वर्षं त्या यादीत पहिलं होतं. जुन्या पाचांतले चौघे नव्या यादीत नाव बदलून बसले आहेत. नदी मात्र स्वतंत्र राहिली नाही, ती सोयींत मिसळून गेली. अकोल्याचा, आणि त्यातल्या त्यात जठारपेठेसारख्या वस्त्यांचा इतिहास पाहिला की नेमकं हेच घडलेलं दिसतं.

जुनं अकोलं मोर्णेच्या पश्चिम काठावर. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या जहागिरीतलं हे गाव. त्याच्या वतीने ख्वाजा अब्दुल लतीफने १६९७ च्या सुमारास इथे किल्ला बांधवला, तोच असदगड. दहीहंडा वेस, अगर वेस ही नावं अकोलेकरांच्या तोंडी अजून आहेत. त्या काळात चांगलं शहर म्हणजे तटबंदीचं शहर. रात्री वेस बंद होते ना, एवढं कळलं की सावकार तिजोरी घेऊन मुक्कामाला येई. ही गरज किती खरी होती ते शेजारच्या अमरावतीत दिसतं. पेंढाऱ्यांच्या धाकाने तिथे १८०७ पासून परकोट बांधायला घेतला, आणि काम पुरं होण्याआधीच, १८१६ च्या सुमारास, एका खिडकीशी शेकडो माणसं कापली गेली. खुनारी खिडकी हे तिचं नाव आजही टिकून आहे.

इंग्रजी अमल आला आणि तटाची किंमत उतरली. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८७० च्या सुमारास असदगडाचा बराच भाग पाडण्यात आला. उरलेल्या हवाखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शाळा भरत होती, अशी नोंद जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. जिथे पहारे बसत तिथे पोरं पाढे म्हणू लागली. शहराच्या चांगुलपणाचं माप बदलल्याची याहून ठळक खूण शोधूनही सापडणार नाही.

नवं सरकार नदीच्या पलीकडे, पूर्वेला गेलं. कचेऱ्या आणि साहेबांचे बंगले ताजनापेठेच्या बाजूला उभे राहिले. मग कापसाने उरलेलं काम केलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचा भाव एकाएकी वाढला. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे भुसावळकडून पूर्वेकडे सरकत होती. १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली आणि मुंबईपासून ३८३ मैलांवरचं अकोलं मुख्य मार्गावरचं स्टेशन बनलं. अमरावती मात्र मुख्य मार्गापासून थोडी बाजूला राहिली, तिला बडनेऱ्याहून फाटा काढावा लागला. त्याआधीच्या काळात अमरावतीहून कापसाचे बैल कलकत्त्यापर्यंत जात. १८४२ मध्ये एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैल भरून कापूस तिकडे धाडल्याची आठवण जुन्या नोंदींत आहे. रुळांनी हा सगळा भूगोल एका पिढीत उलटवला.

कापसाच्या बाजारातला विश्वासही याच मुलखात कायद्याने बांधला गेला. देशातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ मध्ये कारंज्याला सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. माप खरं आणि दर ठरलेला, एवढी खात्री मिळाल्यावर शेतकरी गाडी जुंपून शहराकडे वळतो. त्याच्या मागोमाग अडत्या येतो, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने येतात, कारकून येतो, वकील येतो. १९०१ च्या जनगणनेत अकोल्याची लोकसंख्या २९,२८९ होती. २०११ मध्ये ती ४,२५,८१७ झाली. एकशेदहा वर्षांत सुमारे साडेचौदा पट.

एवढी माणसं आली ती कुठे राहिली? पेठांमध्ये. 'पेठ' हा शब्द पुण्याहून निघाला तेव्हा बाजाराचा होता. अकोल्यात येईतो त्याचा अर्थ वसाहत असा झाला. ताजनापेठ, रामदासपेठ, जठारपेठ या नावांना दुकानांपेक्षा घरांचा वास जास्त. नोकरदार, शिक्षक, डॉक्टर, बँकेतली माणसं नदीच्या पूर्वेला, कचेरी आणि स्टेशन यांच्या अंगाने राहू लागली. जठार हे आडनावही मूळचं वऱ्हाडी नव्हे, ते पश्चिमेकडून आलेलं. इंग्रजी अमलात या मुलखाच्या शिक्षणखात्याचे प्रमुख असलेले श्रीराम भिकाजी जठार याच आडनावाचे. पुण्या-कोकणाकडची शिकलेली माणसं त्या काळात वऱ्हाडात आली ती मास्तरकी, मुन्सफी आणि वकिली करायला. त्यांतली कितीतरी परत गेली नाहीत.

विष्णू मोरेश्वर महाजनी हे त्यांतलं एक मोठं नाव. जन्म पुण्याचा, शिक्षण तिकडचं, पण आयुष्याचं काम वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात. १९०७ मध्ये पुण्यात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. म्हणजे जन्मगावी अध्यक्षपदाचा मान घ्यायला ते गेले, पण नाव जडलं अकोल्याशी. १९१२ मध्ये संमेलनच अकोल्यात आलं. अध्यक्ष होते हरिभाऊ आपटे. तीसेक हजार वस्तीच्या कापसाच्या गावाने मराठीतल्या सर्वांत मोठ्या कादंबरीकाराला पाहुणा म्हणून बोलवावं, याचा अभिमान अकोलेकरांनी धरायलाच हवा. पैसा आणि विद्या एकाच गावात नांदत होत्या, याचा तो धडधडीत पुरावा आहे.

विद्येबरोबर इतर भाषाही आल्या. किशोरलाल मश्रूवाला यांचं गुजराती कुटुंब अकोल्यात स्थिरावलेलं होतं. गांधीजींचे चिरंजीव मणिलाल यांचं लग्न त्याच घरातल्या सुशीला यांच्याशी मार्च १९२७ मध्ये अकोल्यातच झालं. मारवाडी घरातून आलेले ब्रिजलाल बियाणी विदर्भाच्या राजकारणात अग्रभागी राहिले, ते अकोल्यात बसूनच. ८ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, महाराष्ट्र आणि वऱ्हाडच्या पुढाऱ्यांनी भावी प्रांताचा करार केला, त्यालाही नाव पडलं 'अकोला करार'. बाहेरून आलेल्याला हे गाव परकं ठेवत नसे. राहण्याजोग्या शहराचा हा गुण कुठल्याच तक्त्यात मांडता येत नाही, आणि अकोल्याकडे तो भरपूर होता.

जठारपेठेत आज फिरलं तर या सगळ्या थरांची सरमिसळ दिसते. एका अंगाला बिर्ला कॉलनी आणि बिर्ला राम मंदिर आहे, तेलगिरणीच्या काळाची आठवण. रस्त्यालगत भाजीबाजार भरतो. वांगी, संभार, हिरव्या मिरच्यांचे ढीग आणि भाव करणाऱ्या बाया. पुढे दवाखाने आणि औषधांची दुकानं, त्यांच्या वरच्या मजल्यांवर शिकवण्या. जुने बैठे बंगले पाडून तिथे अपार्टमेंट झाली. चाणक्याचा वैद्य इथे पावलापावलावर भेटतो, आणि विद्वान त्याच्या शेजारी फळ्यासमोर उभा असतो. गिऱ्हाइकाला जठारपेठेतला फ्लॅट दाखवताना दलाल याच दोन गोष्टी आधी सांगतो. दवाखाना हाकेवर, शाळा-क्लास पायी.

नदीबद्दल तो बोलत नाही.

मोर्णा एवढ्या शहराला पाणी पाजेल अशी कधीच नव्हती. पातूरकडच्या डोंगरांतून येऊन पूर्णेला मिळणारी ही छोटी नदी, पावसाळ्यात दोन्ही थड्या भरते आणि उन्हाळ्यात डबक्यांत उरते. म्हणून इंग्रजी अमलात दक्षिणेला कापशीचा तलाव अकोल्याच्या कामी आला. तोही पुरेना, तेव्हा काटेपूर्णा नदीवर महानला धरण झालं आणि शहराचा नळ तिथपर्यंत लांबला. उत्तरेला खारपाणपट्टा असल्याने त्या दिशेने हात पसरायची सोयच नव्हती. पश्चिम काठावरचं जुनं गाव नदी पाहून वसलं. पूर्वेच्या पेठा कचेरी, स्टेशन आणि शाळा पाहून वसल्या, आणि पाण्याचा प्रश्न त्यांनी नगरपालिकेच्या हवाली केला. अकोल्याच्या इतिहासातला हा सर्वांत महागडा बदल आहे. पारख करणारा माणूस तोच राहिला, फक्त त्याने पहिला प्रश्न विचारायचा सोडला. नगरपालिकेची १ ऑक्टोबर २००१ ला महापालिका झाली, पण चार-पाच दिवसांआड येणारा नळ अकोलेकरांच्या अंगवळणी पडून गेला आहे. पावसाने ओढ दिली की हे अंतर आणखी वाढतं.

याच्या जोडीला ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणं इथे बातमी होत नाही. धाब्याच्या घरात मातीची जाड भिंत आणि वरचा मातीचाच थर ऊन दुपार टळेपर्यंत बाहेर थोपवून धरत. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांच्यावर पाणी मारत. सिमेंटच्या स्लॅबने हे संपवलं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली सोडतो. मग कूलर आला, आणि कूलरला रोज बादल्यांनी पाणी लागतं. नळ पाचव्या दिवशी येणाऱ्या गावात ऊन आणि पाणी ही दोन वेगळी दुःखं उरतच नाहीत. मे २०२४ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेमुळे कलम १४४ लागू केलं. कामाच्या ठिकाणी पिण्याचं पाणी आणि पंखे ठेवा असं बजावलं, आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच क्लास भरवू नयेत असंही सांगितलं. जमावबंदीचं कलम उन्हासाठी वापरावं लागलं, एवढ्यावरून वऱ्हाडातल्या मे महिन्याची कल्पना यावी.

शहरं मोजण्याचा सरकारी उद्योगही दरम्यान सुरू झाला. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये १११ शहरांचा राहणीमान निर्देशांक जाहीर केला. त्यात पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. अमरावती सोळावी आली आणि नागपूर एकतिसावं. आपली अंबानगरी उपराजधानीच्या पुढे गेली म्हणून अमरावतीकर सुखावले असतील तर ते हक्काने. वडाळी आणि छत्री तलावांचं गाव ते, पुढे ऊर्ध्व वर्धेचं पाणी मिळालेलं. अकोलं त्या यादीत मोजलंच गेलं नव्हतं. तेव्हा चांगलं की वाईट हे ठरवायचं काम अकोलेकरांकडेच राहिलं, आणि ते काम ते दरवर्षी जूनमध्ये करतात.

कारण जूनमध्ये शहर भरतं. बुलढाणा, वाशीम, खेड्यापाड्यांतून आईबाप मुलांना घेऊन उतरतात. डॉक्टर-इंजिनिअरच्या प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणारं गाव म्हणून अकोल्याने पश्चिम विदर्भात नाव कमावलंय. जठारपेठ, रामदासपेठ, रणपिसे नगर अशा वस्त्यांत खोल्या शोधत ही माणसं फिरतात. वडील भाडं विचारतात, डिपॉझिट विचारतात, क्लास किती दूर ते विचारतात. आई तोवर जिन्याखाली, अंगणात, मोरीजवळ नजर टाकत असते. मग ती घरमालकिणीला विचारते, "बाई, नळ कितव्या दिशी येते जी?" घरमालकीण खोटं बोलत नाही. ती अंगणातल्या हौदाचं झाकण उचलून दाखवते. खारपाणपट्ट्यातल्या गावातून आलेली ती बाई खाली वाकून पाहते, कारण तिच्या लग्नाच्या वेळी तिच्या आईनेही असंच वाकून पाहिलेलं असतं.

अकोलेकरांनी नदीकडे पाठ फिरवली हेही पूर्ण खरं नाही. जानेवारी २०१८ मध्ये शनिवारी सकाळी हजारो माणसं मोर्णेच्या पात्रात उतरली. जलकुंभी ओढून काढली, गाळ उपसला, टोपल्या हातोहात दिल्या. शंभराहून जास्त संस्था, शाळा-कॉलेजची मुलं, घरातली म्हातारी माणसं त्यात होती, आणि पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये त्या कामाचा उल्लेख झाला. जलकुंभी पुन्हा येते, सांडपाणी पुन्हा मिसळतं. काठावरचं काम एका हिवाळ्यात संपणारं नव्हतं. तरी पूर्वेच्या पेठांतली मुलं त्या दिवशी पहिल्यांदा नदीच्या पाण्यात उभी राहिली असतील, आणि आपलं शहर इथून सुरू झालं हे त्यांना पायांना कळलं असेल.

आणि श्रावण आहेच. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचं ग्रामदैवत राजराजेश्वर याला पूर्णेच्या पाण्याने स्नान घालतात. आदल्या रात्री तरुणांची मंडळं अकोट रस्त्याने सुमारे १८ किलोमीटरवरच्या गांधीग्रामला जातात. पूर्णेत भरणे बुडवून भरतात, बांबूला बांधतात, खांद्यावर घेतात आणि अनवाणी परत निघतात. पाऊस लांबलेल्या एका वर्षी ही कावड सुरू झाली असं सांगतात. रात्रभर चालून ती सकाळी शहरात शिरते. ढोल वाजत असतात, जागोजागी लोक चहा-फराळ घेऊन उभे असतात, पाणी हिंदकळून खांदे भिजलेले असतात. मग कावडी मोर्णेचा पूल ओलांडून पश्चिम काठावरच्या जुन्या अकोल्यात जातात.